सगळं एकविसाव्या गुणसूत्राच्या माथी मारू नका

डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त) असलेल्या मोठ्या माणसाला डॉक्टरांकडे नेलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा सोबतच्या माणसाला विचारला जातो. "काय होतंय याला?" ज्याच्याबद्दल विचारलंय तो चाळिशीला टेकलेला, घोटून दाढी केलेला, समोरच्याच खुर्चीत बसलेला असतो. सोबतचं माणूस सांगतं, हल्ली फार सुस्त असतो, बाहेर चल म्हटलं की नको म्हणतो, चिडतो, वजनही वाढलंय. आणि उत्तर येतं, "अहो, या मुलांचं असंच असतं."

माझा धाकटा भाऊ या 'मुलां'पैकी एक. कानशिलं पांढरी झालीत त्याची. "असंच असतं" यावरचा माझा राग जुना आहे. त्यात मानापमान थोडा असेलही, पण खरं दुखणं हे की या वाक्यानंतर तपासणी थांबते.

सुस्ती, चिडचिड, वजन, घराबाहेर न पडणं. एवढ्याशा तक्रारीमागे काय काय असू शकतं बघा. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं. डाऊन सिंड्रोममध्ये हे इतकं सर्रास आढळतं की लक्षणं असोत-नसोत, वयाच्या २१व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासावं, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. कानाची नळी अरुंद असल्यामुळे आत मळाचा बोळा बसून ऐकू येईनासं झालेलं असू शकतं. मोतीबिंदू असू शकतो, तो या लोकांत लवकर येतो. सीलिअ‍ॅक आजार (गव्हातलं ग्लूटेन न सोसणं), जुनाट बद्धकोष्ठता, हिरड्यांचा त्रास, नैराश्य, यांपैकी काहीही असू शकतं. या सगळ्यावर काही ना काही करता येतं. गुणसूत्राची जास्तीची प्रत काढून टाकता येत नाही, म्हणून सगळं तिच्या खात्यावर टाकलं की डॉक्टरही मोकळे आणि घरचेही.

झोपेचं तर वेगळंच सांगायला हवं. चेहऱ्याचा मधला भाग लहान, घशाचे स्नायू सैल, त्यामुळे झोपेत श्वासाची वाट बंद होते. मोठ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना स्लीप अ‍ॅप्निया असतो. कुणी घोरतं, कुणी रात्री उठून बसल्या बसल्या पुढे वाकून झोपतं. घरच्यांना वाटतं, याची झोपायची पद्धतच मजेशीर आहे. मजेशीर कसली, तो श्वास शोधत असतो. रात्रभर असं झाल्यावर दिवसा पेंगणं, विसरणं, भडकणं आलंच. यावर उपाय म्हणजे झोपताना हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारा मास्क. पण झोपेची तपासणी सुचवली की उत्तर ठरलेलं, "तो मास्क लावूनच घेणार नाही." आधी दिवसा नुसता हातात द्या, मग टीव्ही बघताना दहा मिनिटं लावा, मग झोपताना. वेळ लागतो, पण कितीतरी जण सवय करून घेतात.

भावाने मध्यंतरी जिना उतरायचं सोडलं. वर चढायचा, उतरताना पहिल्या पायरीवर खांब. कुणी म्हणालं हट्टी झालाय, कुणी म्हणालं वजनाने गुडघे गेले. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधली जोडणी डाऊन सिंड्रोममध्ये सैल असू शकते, म्हणून तीही तपासून घेतली. (चाल अचानक बदलली, हातातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर हे आधी तपासायचं आणि लगेच. भूल देण्याआधीही भूलतज्ज्ञाला मानेबद्दल स्वतःहून सांगायचं.) मान ठीक निघाली. निघाले ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मला दिसत नाही" असं तो कधी म्हणालाच नव्हता, कारण त्याच्या लेखी जिनाच पुसट झाला होता. शस्त्रक्रिया झाली, आता आमच्या आधी खाली असतो.

दुखण्याचंही तसंच. त्यांना दुखत नाही, हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. दुखतं. सांगायची रीत वेगळी असते, सांगायला वेळ लागतो, नेमकं कुठे ते दाखवता येत नाही. नेहमीचं माणूस अचानक जेवण नाकारायला लागलं, कुणी जवळ आलं तर ढकलायला लागलं, तर आधी तोंडात बघा, पोट दाबून बघा, मग वागणुकीवरच्या गोळ्यांचा विचार करा.

डॉक्टरांची बाजूही सांगते. एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असतं हे जेरोम लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. मोठ्यांच्या उपचारांसाठी पुराव्यांवर बेतलेल्या पहिल्या सविस्तर सूचना 'जामा' या नियतकालिकात आल्या २०२० मध्ये. मधली साठ वर्षं सगळं लक्ष लहान मुलांवर, कारण ही माणसं मोठी होतील असं कुणी धरलंच नव्हतं. अमेरिकेत १९८३ मध्ये त्यांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आज ते साठीच्या घरात आहे. जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळांवर वेळेत शस्त्रक्रिया होऊ लागल्या, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे पन्नाशीतला डाऊन सिंड्रोम असलेला माणूस कित्येक डॉक्टरांनी कधी पाहिलेलाच नसतो. हे मी समजू शकते. पण "मला माहीत नाही, बघून सांगतो" असं म्हणता येतं की.

चाळिशी ओलांडली की गंमत उलटी होते. तोवर सगळं डाऊन सिंड्रोममुळे होत होतं, आता सगळं अल्झायमरमुळे व्हायला लागतं. भीती खोटी नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या प्रथिनापासून बनतं त्याचा जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे, त्यामुळे जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत चाळिशीपर्यंत ते साचलेलं असतं. आयुष्यभरातला अल्झायमरचा धोका ९० टक्क्यांहून जास्त, आणि निदान बहुधा पन्नाशीच्या पहिल्या काही वर्षांत. म्हणून चाळिशीपासून दरवर्षी तपासणी करायची. पण त्याच सूचना हेही बजावतात की चाळिशीच्या आत हे निदान करताना फार जपून. विशी-पंचविशीतलं माणूस काही आठवड्यांत बोलायचं थांबलं, गोठल्यासारखं बसून राहायला लागलं, तर तो अल्झायमर नव्हे. हा अचानक मागे जाण्याचा वेगळा आजार आहे, त्यावर उपचार होतात आणि बरेच जण सुधारतात.

चाळिशीनंतरही आधी थायरॉइड, झोप, कान, डोळे, मग मन. मनाबद्दल तर कुणी विचारतच नाही. आई गेली, भावंडांची लग्नं होऊन ती लांब गेली, कामाची जागा बंद झाली. आपल्याला चार लोक येऊन भेटतात, याला शेजारच्या खोलीत पाठवतात. कित्येक घरांत मृत्यू झाल्याचं सांगतही नाहीत, "गावाला गेलीय" म्हणतात. आणि मग काही महिन्यांनी, सगळे सावरल्यावर, याचं दुःख वर येतं. तोवर कारण कुणाच्या ध्यानात राहत नाही. तो खात नाही, झोपत नाही, येत होतं ते करत नाही, आणि कागदावर 'डिमेन्शिया?' (स्मृतिभ्रंश) असं लिहिलं जातं. अंत्यदर्शन त्यांना घेऊ द्या. रडू द्या. निदान काय झालं ते सरळ शब्दांत सांगा तरी.

स्वतःशी मोठ्याने बोलणं हाही असाच एक घाबरवणारा प्रकार. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये १९९२ पासून फक्त डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांसाठी एक केंद्र चालतं. तिथल्या ब्रायन शिकॉइन आणि डेनिस मॅग्वायर यांनी केव्हाच सांगून ठेवलंय की असं बोलणं अगदी सर्रास आहे आणि बहुतेकदा त्यात आजार काही नसतो. माझा भाऊ दिवसभराचं सगळं रात्री स्वतःला सांगतो, घरातली खरी बातमी मला तिथूनच कळते. सूर बदलला, भीती किंवा शिवीगाळ यायला लागली, तर मात्र कान टवकारा.

एक गोष्ट मला खरोखर खुपते. डाऊन सिंड्रोम आणि अल्झायमर या दोन्हींत अमायलॉइड एकच असल्याचं १९८४ मध्ये दाखवलं गेलं, आणि जनुकाचा शोध एकविसाव्या गुणसूत्राकडे वळला तो त्यामुळे. त्यांच्या मेंदूंनी एवढी वाट दाखवली. पण अमायलॉइड काढणारी नवी औषधं आली तेव्हा मुख्य चाचण्यांत या लोकांना घेतलंच नव्हतं. त्यामुळे ती त्यांना चालतील का, त्यांनी मेंदूत होऊ शकणाऱ्या रक्तस्रावाचा धोका किती, याचं उत्तर सुरुवातीला कुणाकडेच नव्हतं.

व्यायामाबद्दल थोडक्यात. व्यायाम हवाच. पण जोर लावला तरी हृदयाचे ठोके यांच्यात इतरांइतके वाढत नाहीत, त्यामुळे २२० वजा वय हे जिममधलं गणित इथे लागू पडत नाही. "ठोके वाढत नाहीत, म्हणजे आळस करतोय" म्हणून ट्रेनरने रेटायचं नाही. चांगलं म्हणाल तर रक्तदाब बहुधा कमीच, आणि स्तनाच्या कर्करोगासारखे गाठींचे बरेचसे कर्करोग इतरांपेक्षा खूप कमी. बायकांची पाळी लवकर थांबते, तेव्हाची चिडचिड आणि झोपमोडही "असंच असतं" मध्ये जमा होते. तिच्याशी याबद्दल कुणीतरी बाईमाणसाने बोललेलं असतं का?

आता कामाचं. तब्येत चांगली असतानाच नोंद करून ठेवा. पुढे काय गेलं हे कळायला आधी काय होतं ते ठाऊक हवं, आणि स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्या इथे फारशा उपयोगाच्या नाहीत, कारण त्यांतली कितीतरी उत्तरं त्याला पूर्वीही आली नसती. तिशीतच मोबाइलवर व्हिडिओ काढा: बुटाची नाडी बांधताना, अंथरूण घालताना, एखादा प्रसंग सांगताना. दरवर्षी त्याच महिन्यात, तेच. डिमेन्शियाची सुरुवातीची चिन्हं टिपायला सांभाळणाऱ्यांनी भरायची एनटीजी-ईडीएसडी नावाची एक प्रश्नावली आहे, तीही दरवर्षी भरून मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवा. पन्नाशीत पहिल्यांदाच आलेली फिट, खाताना लागू लागलेला ठसका, बदललेला स्वभाव, हे सगळं तारखेसह. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर हेही लिहिलंय की डाऊन सिंड्रोममध्ये रक्तातल्या लाल पेशी मुळातच मोठ्या असतात, त्यामुळे पेशी लहान करणारी लोहाची कमतरता नेहमीच्या आकड्यांत लपून राहू शकते. नवीन डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही.

आज ही सगळी माहिती बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात असते. ती आहे तोवर तिच्याजवळ बसून लिहून घ्या. आणि लिहिताना ज्याची फाइल त्यालाही शेजारी बसवा, तो चार गोष्टी दुरुस्त करतो, आमच्याकडे तरी करतो. अशा फाइलची कोरी पानं कुणाला हवी असतील तर मला मेसेज करा, पाठवते.