इंधन संपलेलं विमान दगडासारखं पडत नाही, आणि कोरड्या टाकीचं विमान निर्धोकही नसतं

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या ऊस-तंबाखूवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. पिकावर औषध फवारणारं एक परदेशी विमान इंधन संपल्यामुळे शेतात उतरतं. खाली मजकूर असा: इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं कोसळतं, त्यामुळे हा चमत्कारच, काटा समोर असताना इंधन संपेलच कसं, म्हणजे विम्यासाठी केलेला डाव, आणि टाकी कोरडी असली की आग लागत नाही, तेव्हा असं विमान आपल्याकडे उतरलं तर बिनधास्त जवळ जा. पहिल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरीने माणूस मरू शकतो, म्हणून हे लिहितोय.

आधी चमत्काराचं बघू. विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख. इंजिन फक्त वेग देतं. ते थांबलं की वैमानिक नाक जरा खाली करतो आणि उंची खर्चून वेग टिकवतो. उतारावर पायडल न मारता सायकल पळते, तसंच हे. सेस्ना 172 सारखं साधं विमान 1,000 फुटांवरून इंजिनाशिवाय अडीच किलोमीटरच्या पुढे जातं. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 चं इंधन 41,000 फुटांवर संपलं. किलो आणि पौंडांच्या घोळात निम्म्याहून कमी इंधन भरलं गेलं होतं. ते विमान तरंगत कॅनडातल्याच गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं आणि आतले सगळे 69 जण वाचले.

फवारणीच्या विमानाची अडचण याहून मोठी असते. ते पिकापासून जेमतेम तीन-चार मीटर वरून जातं, म्हणजे खर्चायला उंचीच नसते. हाताशी असतो तो वेग. तो वापरून वैमानिक विमान थोडं वर खेचतो, औषध झटक्यात खाली सोडून वजन उतरवतो आणि समोर दिसेल त्या मोकळ्या रानात टेकतो. हे सगळं काही सेकंदांत. विमानाची बांधणीही त्याच हिशेबाने असते: औषधाची टाकी इंजिन आणि वैमानिक यांच्या मध्ये, बसायची जागा उंच, काचेपुढे तारा कापणारी पाती. हे श्रेय त्या वैमानिकाच्या सरावाचं आणि बांधणाऱ्यांचं आहे, ते त्यांना मिळायला हवं.

आता विम्याचा डाव. मजकुरात त्याचा एकही पुरावा नाही, आणि इंधन संपायला डाव लागतही नाही. अमेरिकेच्या वाहतूक अपघात तपास मंडळाने 2017 साली सांगितलं की 2011 ते 2015 या काळात तिथे लहान विमानांचे वर्षाला सरासरी 50 हून जास्त अपघात इंधनाच्या हिशेबात चुकल्याने झाले. त्यांतल्या 95 टक्क्यांत माणसाचा वाटा होता, आणि जवळपास निम्म्या वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. फवारणीत तर मोह जास्तच. इंधन कमी घेतलं तर तेवढं औषध जास्त मावतं, धावपट्टी जवळच असते, वारा पडलेला असतो आणि एवढी एकच फेरी राहिलेली असते. वळणावर टाकीतलं इंधन हिंदकळतं, त्या वेळी काट्यावर काय भरवसा ठेवायचा?

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक. आगीची शक्यता कमी होते हे खरं, पण संपत नाही. रिकाम्या टाकीत वाफ उरते. 1996 साली टीडब्ल्यूए 800 या अमेरिकी प्रवासी विमानात स्फोट झाला तो जवळजवळ रिकाम्या असलेल्या मधल्या टाकीतल्या वाफेचा. 230 माणसं गेली. आणि इथे आगीपेक्षा मोठा धोका औषधाचा. विमान आपटलं की ते जमिनीवर, पिकावर, वैमानिकाच्या कपड्यांवर सांडतं. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. ती पाठीवरच्या पंपातली औषधं होती. विमानाच्या टाकीत शेकडो लिटर असतं.

आपल्याकडे विमान रानात उतरणारच नाही असंही नाही. मे 2023 मध्ये बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षणाचं विमान तिथल्याच एका शेतात उतरलं होतं, तांत्रिक बिघाडामुळे. त्यात औषध नव्हतं. फवारणीचं असेल तर वारा जिकडून येतो त्या अंगाला थांबा, विडी-सिगारेट विझवा, तुटलेल्या तारेपासून लांब राहा, 112 ला फोन करा. वैमानिकाला ओढून काढायलाच लागलं तर हातात रबरी मोजे हवेत, ते नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या तरी. भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. तोंडातून लाळ, दरदरून घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर डॉक्टरांना लगेच सांगा, औषधाचं नाव कळलं तर तेही. आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यातून बाजूला घ्या, ॲम्ब्युलन्सला रानापर्यंत यायला तीच एक वाट असते.