मुलं गेली, पण आधी कोण गेलं?

काका, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 1987 साली इंडियाना विद्यापीठाचा संघ अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत विजेता झाला तेव्हा तुम्ही तिथे शिकत होतात. त्या काळी मुलं चार वर्षं एकाच जर्सीत दिसायची. आता कॉलेज खेळाडूंना पैसे मिळायला लागल्यापासून निष्ठा उरली नाही, जो जास्त देईल त्याच्याकडे ती जातात, नव्या मुलांची भरतीही त्यामुळे बिघडली, आणि मी या 'भाडोत्री' पोरांची वकिली करतो. वकिली करतो हे खरं आहे. का करतो, ते सांगतो.

2022 चा सेंट पीटर्सचा संघ आठवा. जर्सी सिटीतलं छोटं कॉलेज, जर्नल स्क्वेअरच्या देशी दुकानांपासून फार लांब नाही. पंधरावं मानांकन, म्हणजे जवळजवळ तळाचं. आधी बलाढ्य केंटकीला जादा वेळेत 85-79 असं हरवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोचण्याची ती पहिलीच वेळ. स्पर्धा संपली आणि काही दिवसांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉल या दुसऱ्या कॉलेजला गेले. ते स्वतः तिथेच खेळले होते, त्यामुळे त्यांना कोणी बोल लावला नाही, मीही लावत नाही. पण त्यांच्या मागोमाग डग एडर्ट आणि इतर मुलं पांगली, तेव्हा मात्र सगळं खापर मुलांवर आणि पैशावर फुटलं.

त्या दिवशी हरलेल्या केंटकीचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी. 2019 मध्ये त्यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला, त्याला 'आजीवन' म्हणत होते. एप्रिल 2024 मध्ये ते आर्कन्सॉला गेले, आणि गेल्या गेल्या कामाला लागले. तुमच्या काळातल्या खेळाडूने कॉलेज बदललं असतं तर त्याला अख्खं वर्ष सामन्यांबाहेर बसावं लागलं असतं. शिष्यवृत्तीही 1973 पासून जवळजवळ चाळीस वर्षं एकेका वर्षाचीच होती. प्रशिक्षकाचं मन फिरलं की संपली. बाहेरचं दार असं बंद असताना जो थांबला, त्याच्या थांबण्याला निष्ठा म्हणायला माझं मन धजत नाही.

आणि पैसा तेव्हाही होताच, फक्त मुलांपर्यंत येत नव्हता. स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क 2010 मध्ये चौदा वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरला गेले. 2014 साली कनेटिकटला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर त्याच सुमारास पत्रकारांना सांगत होता, की काही रात्री आपण उपाशीच झोपतो. त्याच महिन्यात खेळाडूंच्या जेवणावरची बंधनं उठली. हे वाचून मला आजही राग येतो.

पैशामुळे मुलं जातात तशी राहतातही. केंटकीचा ऑस्कर शीब्वे 2022 चा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तरी आणखी एक वर्ष परत आला. काँगोचा मुलगा, विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर. या व्हिसाचा जाच आपल्या घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे. अमेरिकेत जाहिराती करून पैसे कमावले तर पंचाईत, म्हणून संघ बहामाला सामने खेळायला गेला तेव्हा त्याने ती कामं तिथे उरकली. आणि तुमच्याच इंडियाना राज्यात, पर्ड्यूला, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर 2022 साली आले. दार आता सताड उघडं, म्हणजे कॉलेज बदलून लगेच खेळता येत असूनही 2025-26 च्या हंगामातही ते तिथेच होते. या चार वर्षांना मी तुमच्या काळातल्या चार वर्षांपेक्षा जास्त मानतो.

भरतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मला पटतं, आणि तिथे माझाही जीव तुटतो. एप्रिल 2022 मध्ये नायजेल पॅक हा खेळाडू कॅन्सस स्टेट सोडून मायामीला गेला, दोन वर्षांचे आठ लाख डॉलर आणि वर गाडी. आकडा जाहीर होताच तिथल्याच आयझया वाँगच्या एजंटने जास्त पैसे मागितले. पुढच्या वर्षी दोघे मिळून मायामीला अंतिम चारांत घेऊन गेले. आणि त्यानंतर आठ खेळाडूंनी निघायचं ठरवलं. इथे आवडत नाही का, असं विचारल्यावर, आवडतं, पण दुसरीकडे पैसे जास्त आहेत, असं उत्तर मिळाल्याचं प्रशिक्षक जिम लारानागा यांनी डिसेंबर 2024 मध्ये पद सोडताना सांगितलं. अशा वातावरणात अठरा वर्षांच्या कच्च्या पोराला घडवत बसायला कुणाला सवड आहे? तेवीस वर्षांचा तयार गडी घेतला की झालं. छोटी कॉलेजं रोपं वाढवतात आणि मोठी उपटून नेतात. 2025 मध्ये शेवटच्या सोळांतले सगळे संघ चार बड्या कॉन्फरन्सचे, म्हणजे मोठ्या कॉलेजांच्या गटांचे होते, सेंट पीटर्ससारखं एकही नाव नाही.

पण याचं मूळ पैशात नाही, करारात आहे. जून 2025 च्या न्यायालयीन समझोत्याने कॉलेजांना पहिल्या वर्षी सुमारे 2.05 कोटी डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायची मुभा दिली, तरी ही मुलं नोकर आहेत हे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळ चालवणारी संस्था, मान्य करत नाही. नोकर नाहीत म्हणून संघटना नाही, आणि संघटना नाही म्हणून दोन्ही बाजूंना बांधणारा सामूहिक करार नाही. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये तो आहे, म्हणून तिथे खेळाडू दर वसंतात मोकळा होत नाही. तीन वर्षांचा करार, मध्येच सोडलं तर दोघांनाही भरपाई, आणि घडवणाऱ्या छोट्या कॉलेजला त्यातला वाटा, एवढं झालं तर तुमची निम्मी तक्रार मिटेल असं मला वाटतं. यावर तुमचं मत जरूर लिहा.