पाय परत उगवतो, म्हणून काय तोडायचा?

"अॅक्सोलॉटल : जगातला सगळ्यात सोपा पाळीव प्राणी!" अशा मथळ्याची एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरते आहे. अॅक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा मेक्सिकोतला सॅलॅमँडर, अंगाने पालीसारखा पण बेडकासारखा उभयचर. गुलाबी अंग, डोक्यामागे पिसांसारखे कल्ले, चेहऱ्यावर कायमचं हसू असा फोटो आणि त्याखाली सहा मुद्दे. एक, काचेचा बाऊल पुरतो, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून त्यात भरा. दोन, पाणी तापलं तर बर्फाचे खडे टाका. तीन, काहीही खातो, तेही आठवड्यातून दोन-तीनदाच. चार, पाय तुटला तरी नवा येतो, त्यामुळे दोन-तीन एकत्र ठेवा आणि मुलांना खुशाल हाताळू द्या. पाच, आयोडीनचे थेंब टाकले की पंधरा दिवसांत तो पाण्याबाहेर येऊन जमिनीवर चालतो, म्हणजे एका प्राण्यात दोन प्राणी. सहा, तो पाळून तुम्ही नामशेष होणारी जात वाचवता.

मी सोडून दिलं होतं. पण मग ती भाचीनेच घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "मावशी, तुझ्याकडे आहे तर मला का नाही? बघ किती सोपं आहे." तिच्या बाबांनी लगेच अंगठा दाखवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

चौथ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीचे निष्काळजीपणाचे आहेत, हा सरळसरळ क्रूर आहे.

त्यातलं खरं आहे ते आधी मान्य करते, नाइलाजाने का होईना. अॅक्सोलॉटलचा पाय तुटला तर हाड, स्नायू, नसा, बोटं यांसकट नवा पाय येतो. शेपटी येते, कल्ले येतात, तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जुळतो, हृदयाचा आणि मेंदूचा काही भागही भरून निघतो. याच गुणासाठी जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे आहेत. २०१८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तो माणसाच्या सुमारे दसपट मोठा निघाला. विलक्षण प्राणी आहे, वादच नाही.

पण तिथून "दोन-तीन एकत्र ठेवा, मुलांना खेळू द्या" इथे उडी कशी मारली? पडलेल्या पोराचं हाड जुळतं म्हणून त्याला कुणी जिन्यावरून ढकलत नाही. आणि ही ताकद अमर्यादही नाही. २०१७ मध्ये 'एनपीजे रिजनरेटिव्ह मेडिसिन' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. संशोधकांना नेमकं हेच तपासायचं होतं, की अॅक्सोलॉटलची ही क्षमता बिघडवता येते का. आली. एकच पाय पुन्हा पुन्हा कापला, तेव्हा नवा पाय उगवायला सुरुवात करण्याची क्षमताच पार खालावली. हा प्रयोगशाळेतला हिशेब आहे, जिथे जखम सरळ आणि स्वच्छ असते आणि पाणी रोज तपासलं जातं. घरच्या टाकीत पाय तुटतो तो शेजाऱ्याने चावून. जखम वेडीवाकडी असते, पाणी जेमतेम असतं, दोन दिवसांत तिथे पांढरी तंतुमय बुरशी धरते. मग प्राणी पाय उगवत बसत नाही, जीव वाचवायच्या मागे लागतो.

आणि शेजारी चावणारच. लहान वयाचे अॅक्सोलॉटल समोर जे हलेल ते तोंडात घेतात, भावंडाचा पायसुद्धा. त्यामुळे वाढवणारी माणसं पिल्लं वेगवेगळी ठेवतात किंवा आकाराप्रमाणे वाटतात. पोस्टवाला म्हणतो, एकत्र ठेवा, तुटलं तर येईल. नर-मादी एकत्र आले तर एका वेळी शेकडो अंडी पडतात, त्यांचं काय करायचं हेही त्याने सांगितलेलं नाही.

हाताळण्याचंही तेच. त्याची त्वचा उघडी, मऊ आणि बुळबुळीत असते. तो तिच्यातूनही श्वास घेतो. आपल्या हाताचा साबण, तेल, क्रीम थेट आत जातं. हलवायचाच असेल तर डबा पाण्यात बुडवून त्यात अलगद घ्यायचा, जाळीही नको, बोटं आणि कल्ले तिच्यात अडकतात. आणि ते हसू! तो जबड्याचा आकार आहे. आजारी पडला, उपाशी राहिला, तरी चेहरा तसाच. त्याची तब्येत तोंडाकडे बघून कळत नाही, कल्ले आणि शेपटी बघावी लागते. माझ्याकडचा स्वस्थ असतो तेव्हा कल्ले सैल, मागे पसरलेले असतात आणि मधूनच एखादा झटका देऊन तो ते झाडतो. पाणी बिघडलं की कल्ले पुढे वळतात आणि शेपटीच्या टोकाला आकडा पडतो. हे दिसलं की आधी थर्मामीटर, मग पाण्याची चाचणी.

इथेच पोस्टचा पायाच चुकलेला दिसतो. जखम भरून येणारा प्राणी म्हणजे काटक प्राणी, असं तिने धरलं आहे. पाय तो परत आणतो. तापलेल्या, अमोनिया साचलेल्या पाण्यावर मात्र त्याच्याकडे काहीच इलाज नाही.

म्हणून बाऊल आणि बर्फ एकत्रच घेते. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत, तिथला हा प्राणी. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे पाणी थंड. घरी त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं, २० पर्यंत निभावतं, २४ च्या पुढे धोका सुरू. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, प्राण्याची गरज वाढते आणि अमोनियाचा विषारी हिस्साही वाढतो. तिन्ही एकदम. बाऊलमध्ये पाणी थोडं, त्यामुळे ते लवकर तापतं आणि लवकर सडतं. हा प्राणी पूर्ण वाढला की वीतभराहून मोठा होतो, २३ ते ३० सेंटिमीटर, आणि त्या मानाने घाणही करतो. एकट्यासाठी निदान ७५ लिटरची टाकी लागते, उंच नको, लांब हवी.

बर्फाचे खडे टाकले की पाणी झरकन उतरतं आणि तासाभरात पुन्हा चढतं. हे वरखाली होणंच त्याला सोसत नाही. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश कमी होतात. त्याहून जास्त उतरवायचं असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो. तो परवडत नसेल तर प्राणी आणू नये, इतकं सोपं आहे ते.

टाकी आणली, पाणी भरलं, प्राणी सोडला, असंही चालत नाही. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना जातो आणि तो वेळ टाकीत प्राणी न सोडता काढायचा असतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसायला लागले की मग प्राणी आणायचा. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं, हे पोस्टमध्ये बरोबर लिहिलं आहे. पण पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर ते असं उडत नाही, त्यासाठी पाण्यात औषध घालावंच लागतं.

खाण्याचा मुद्दा पटकन संपवते. काहीही खातो म्हणजे काहीही गिळतो. तो चावून खात नाही, तोंड उघडतो आणि पाण्यासकट घास आत ओढतो. तळाला रंगीत खडे असतील तर तेही जातात आणि आतडं तुंबतं. म्हणून तळ मोकळा किंवा अगदी बारीक वाळूचा. खायला गांडूळ सगळ्यात उत्तम, रसायनं न मारलेल्या मातीतलं. बाजारातले जिवंत छोटे मासे सोबत परजीवी घेऊन येतात. मोठ्या झालेल्याला रोज खायला घालावं लागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. हे पोस्टमधलं दुसरं बरोबर वाक्य. पाय परत येतो हे सोडलं, तर तिसरं मला सापडलं नाही.

आता आयोडीन. यामागे खरी गोष्ट आहे, म्हणूनच ती जास्त घातक. अॅक्सोलॉटल आयुष्यभर पिल्लाच्याच रूपात राहतो, कारण रूप बदलायला लागणारं थायरॉइडचं संप्रेरक त्याच्या शरीरात पुरेसं कामाला लागत नाही. १८६५ मध्ये पॅरिसला प्राणिशास्त्रज्ञ ओग्युस्त द्युमेरिल यांच्या टाकीतल्या काही पिल्लांचे कल्ले गळाले आणि ती जमिनीवर राहणारी प्रौढ सॅलॅमँडर झाली, तेव्हा सगळे चक्रावले होते. १९२० मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सली यांनी अॅक्सोलॉटलना जनावराची थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून हाच बदल घडवून दाखवला. पण मोजून दिलेलं संप्रेरक कुठे आणि जखमेवर लावायचं आयोडीन कुठे? ते उघड्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर पडतं. यात प्राणी जमिनीवर चालण्याऐवजी पोट वर करून तरंगण्याचीच शक्यता जास्त. जगलाच, तर त्याला वेगळं घर, वेगळा ओलावा, वेगळं खाणं लागतं आणि बहुधा आयुष्य कमी होतं. शिवाय २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की असं रूप बदलवलेल्या अॅक्सोलॉटलचा पाय हळू उगवतो आणि सदोष उगवतो. म्हणजे पोस्टचा पाचवा मुद्दा तिच्याच चौथ्या मुद्द्याचा पाय कापतो.

राहिला "जात वाचवण्याचा" मुद्दा. सोचिमिल्कोमध्ये १९९८ च्या मोजणीत एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अॅक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६. घाण झालेलं पाणी, वाढतं शहर आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही त्याची कारणं. माझ्या किंवा तुमच्या टाकीतल्या प्राण्याने यातलं एकही बदलत नाही. शिवाय टाक्यांमधले अॅक्सोलॉटल पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळांतून आलेले आहेत आणि त्यांच्यात टायगर सॅलॅमँडर या नात्यातल्या जातीचा संकरही झालेला आहे. बंदिस्त वाढवलेले प्राणी बाहेर जगूच शकत नाहीत असं मात्र नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे १८ प्राणी सुधारलेल्या आणि कृत्रिम पाणथळींत सोडले आणि ट्रान्समीटर लावून त्यांचा माग काढला, तर ते जगले. पण ते शास्त्रज्ञांनी त्यासाठीच वाढवलेले होते. कुणाच्या दिवाणखान्यातून उचलून नेलेले नव्हते.

कुणाला खरंच हातभार लावायचा असेल तर मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातल्या संशोधकांनी अॅक्सोलॉटल दत्तक घेण्याची मोहीम चालवली आहे. दत्तक घेतलेला प्राणी घरी येत नाही. पैसे चिनाम्पांच्या, म्हणजे तिथल्या कालव्यांमधल्या पारंपरिक शेतांच्या, कडेचं पाणी स्वच्छ करायला आणि परके मासे आत येऊ नयेत म्हणून जाळ्या बसवायला जातात. भाचीला त्याचीच माहिती पाठवली आहे. तिच्या बाबांनी अजून अंगठा दाखवलेला नाही.