बंगला पाडण्याआधी तारखा तरी बघा

माझी भाची यंदा जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या प्रवेशाची तयारी करते आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" मजकूर थोडक्यात असा: जे. जे.च्या आवारातल्या हिरव्या लाकडी बंगल्यात 'जंगल बुक' लिहिणारा इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग जन्मला. तो भारतद्वेष्टा होता. त्या गुलामीच्या खुणेवर पैसा उधळला जातोय. मराठी लेखकांना मात्र कोणी विचारत नाही. म्हणून बंगला पाडा. हे याआधीही माझ्याकडे आलं होतं, तेव्हा दुर्लक्ष केलं. आता पोरीच्या डोक्यात भरवलं जातंय, तर उत्तर देणं भाग आहे.

पहिला मुद्दाच कोसळतो. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५चा. सध्याचा बंगला १८८२च्या सुमाराचा, असं इतिहासकार आणि संवर्धनतज्ज्ञ सांगतात. तोवर किपलिंग कुटुंब मुंबई सोडून लाहोरला जाऊनही काही वर्षं झाली होती. जन्म इथेच जवळपास झाला, पण या भिंतींत नाही. बंगल्यावरची पाटी "इथेच जन्मला" म्हणते, हे खरं. मग पाटी दुरुस्त करा. पाटी चुकली म्हणून घर पाडतात का?

पैशाचं म्हणाल, तर लाकूड कुजलं की तेवढं बदलता येतं. कोकणातली निम्मी घरं अशीच टिकली आहेत. यावर अधिक लिहायची गरज नाही.

आता भारतद्वेष. किपलिंग साम्राज्यवादी होता, हे मान्य करावंच लागेल. जालियनवाला बागेनंतर डायरसाठी इंग्लंडमध्ये निधी उघडला गेला, त्यात त्याने पैसे घातले. ही गोष्ट पाटीवर लिहा, माझी हरकत नाही. पण त्याच माणसाने आत्मकथनात लिहून ठेवलंय की मुंबईतल्या लहानपणी तो आया आणि नोकराच्या बोलीतच विचार करायचा, स्वप्नंही तिच्यातच पाहायचा, आणि आईवडिलांसमोर जाताना त्याला "आता इंग्रजीत बोल" असं बजावावं लागायचं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही या शहराच्या इतिहासात आहे.

शिवाय बंगला त्याच्या एकट्याच्या नावावर चढवला कोणी? हे अधिष्ठात्यांचं निवासस्थान होतं. याच आवारात १८९०मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधर विद्यार्थी म्हणून आले. पुढे ते इथेच शिकवू लागले आणि संस्थेच्या संचालकपदाची धुरा सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. मराठी चित्रकाराने मराठीत लिहिलेलं, याच संस्थेत काढलेल्या आयुष्याचं पुस्तक! या आवारावर मराठी वाचकाचा हक्क सांगायला आणखी काय हवं? फॉरवर्ड लिहिणाऱ्याला धुरंधर ठाऊक नसावेत, नाहीतर त्याने ते लपवले. दोन्ही संतापजनक. आणि गोऱ्यांचं सगळंच पुसायचं तर शेजारच्या महात्मा फुले मंडईच्या दर्शनी कमानींवरची शेतकऱ्यांची शिल्पंही फोडायची का? ती रुडयार्डचे वडील लॉकवुड किपलिंग यांची आहेत.

राहिली मराठी लेखकांची उपेक्षा. हे दुखणं खरं आहे, मलाही छळतं. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होते. त्यांच्यासाठी जरूर भांडा, मी सोबत येतो. पण त्यासाठी धोबी तलावाजवळचा बंगला पडावा लागत नाही. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने जपलं, तिथे १९९४मध्ये स्मारक उभं राहिलं, ते माणसांनी मनावर घेतलं म्हणून. त्यासाठी कुणाचं दुसरं घर पाडावं लागलं नव्हतं.