मागे पडणारं घड्याळ आणि पुढे जाणारे साडू

चावीच्या घड्याळाला खरा धोका पाण्याचा नसतो, धुळीचा नसतो, सकाळच्या लोकलमधल्या कोपरांचाही नसतो. धोका असतो तो आयुष्यात एकदा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलून ते चालू करून दाखवलेल्या माणसाचा.

आमच्या नात्यात हे पद विलासरावांकडे आहे. विलासराव माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तो सेल त्यांनी सासूबाईंच्या देखत बदलला होता. तेव्हापासून सासरी मिक्सर अडला, इस्त्री तापेना, कुकरची शिट्टी होईना, की 'विलासरावांना येऊ दे' हेच उत्तर. धाकट्या जावयाचं मत त्या घरात कुणी विचारत नाही.

घड्याळ बाबांचं. एचएमटी, सतरा ज्वेलचं (म्हणजे झीज होऊ नये म्हणून आत बसवलेले बारीक खडे), रोज सकाळी चावी द्यायचं. 1961 साली एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली, आणि पुढे कितीतरी वर्षं नोकरी लागली की मनगटावर एचएमटी येणार हे ठरलेलं असे. जानेवारी 2016 मध्ये सरकारने घड्याळांची ती कंपनीच बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आता सुटा भाग हवा, तर आधी दुसरं एखादं घड्याळ मरावं लागतं.

बरं, ते बंदही पडलं नव्हतं. दिवसाला चार मिनिटं मागे पडत होतं, एवढंच. दिवसाचे सेकंद 86,400, त्यातले 240 गेले. असल्या घड्याळाचं बॅलन्स, म्हणजे आतलं डोलणारं चाक, तासाला अठरा हजार टोले देतं, म्हणजे सेकंदाला पाच, आणि हे रात्रंदिवस, सुट्टी न घेता. एवढ्या राबणाऱ्याला चार मिनिटं माफ करायला माझी हरकत नव्हती. तशीही या मुंबई शहराची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती आणि काही ठिकाणी ती 1955 पर्यंत टिकून होती. त्यापुढे चार मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण मे महिन्यातल्या एका रविवारी, मुलुंडला आमच्याकडे आमरसाचं जेवण झाल्यावर, विलासरावांनी ते कानाला लावलं आणि डॉक्टरी गांभीर्याने म्हणाले, "आत कचरा आहे."

"असू दे हो, चालतंय ना," मी म्हणालो.

"अहो, दाखवा ना त्यांना," आतून हिचा आवाज. "ते काय परके आहेत?"

संपलं. विलासरावांनी पिशवीतून पेटी काढली. ऑनलाइन मागवलेली, आत बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग. म्हणजे हे ठरवून आले होते. पंखा बंद झाला (भाग उडतात म्हणून), बनियनवर टॉवेल आला, आणि सासूबाई कौतुकाने खुर्ची ओढून बसल्या.

पाठीचं झाकण निघालं ते आंबे कापायच्या सुरीने. सुरी एकदा सटकली आणि झाकणावर आडवा ओरखडा उठला. "बाहेरून आहे, दिसत नाही," विलासराव म्हणाले. आत बॅलन्सचं चाक डोलत होतं आणि त्याच्या पोटात केसाएवढी कमान (स्प्रिंग) श्वास घेतल्यासारखी आकसत-फुलत होती. त्या चाकाला वरून धरणाऱ्या पुलावरच एक इवलीशी दांडी असते. ती जरा सरकवली की घड्याळ पुढे-मागे करता येतं. माझं दुखणं तेवढंच होतं. पण दांडी सरकवण्यात कर्तृत्व कुठे दिसतं? विलासरावांनी बॅलन्स मुळासकट उचललं. चिमट्यातून ते कमानीला लोंबकळत वर आलं. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, केवढंसं!"

कुणी शिकलेला कारागीर पुढे हात घालण्याआधी एक काम करतो. चावी बोटांत धरून, आतली खिट्टी उचलून, घड्याळ चालवणाऱ्या मोठ्या कमानीतला ताण हळूहळू उतरवतो. सकाळीच मी पूर्ण चावी दिलेली होती. विलासरावांनी थेट पॅलेटचे, म्हणजे चाकांना रोखून धरणाऱ्या भागाचे, स्क्रू सैल केले. सर्रर्र! दिवसभर पुरवून वापरायचा जोर सगळ्या चाकांनी दोन-तीन सेकंदांत उधळून टाकला. विलासराव दचकले, त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, तो सावरताना कोपर बशीला लागलं, आणि बशीत काढून ठेवलेला स्क्रू कुठेतरी टुणकन गेला.

"बघा, आता कसं मोकळं झालं," विलासराव म्हणाले.

नंतर पाऊण तास आम्ही सगळे जमिनीवर होतो. मोबाइलच्या उजेडात सोफ्याखाली एक टिकली, एक शेंगदाणा आणि मुलाने गिळलं म्हणून डॉक्टरकडे धावलो होतो ते एक रुपयाचं नाणं सापडलं. शेवटी हिला टेबलाच्या पायाशी एक बारीक स्क्रू मिळाला. जोरात टाळ्या झाल्या.

स्क्रू बसता बसेना. "चढतोय, चढतोय," म्हणत विलासरावांनी तो चढवलाच. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला, लोंबला, आणि नेमका चाकांत पडला. तो वाळवायला त्यांनी तोंडाने फुंकर मारली. वर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, "मशीन ते मशीन." घड्याळाला तेल द्यायचं ते सुईच्या टोकाने, तेही नेमून दिलेल्या जागी, आणि त्या केसासारख्या कमानीला तर मुळीच नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी झाकण दाबून बसवलं, चावी दिली, आणि नवल म्हणजे टिकटिक सुरू झाली. विलासरावांनी दुसऱ्यांदा आमरस घेतला.

संध्याकाळपर्यंत घड्याळ सव्वा तास पुढे गेलं होतं.

मी फोन केला. पलीकडे अभिमान जराही कमी झालेला नव्हता. "मागे पडत होतं ना? मग! आता जोरात चालतंय."

दादरला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली कपाटाएवढ्या जागेत एक घड्याळजी बसतात. सत्तरीचे असावेत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"कोण हो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"साडू."

"अस्सं." त्यांनी मान डोलावली. मग मला भिंगातून दाखवायला लागले. तेलाने कमानीचे वेढे एकमेकांना चिकटले होते, म्हणून ती आखूड झाल्यासारखी वागत होती आणि घड्याळ धावत सुटलं होतं. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या. फुंकर आणि घामामुळे एका पोलादी भागावर तांबूस ठिपका, शेजारी अंगठ्याचा स्वच्छ ठसा. "पोलिसांना बरा उपयोगी पडेल," काका म्हणाले. एका चाकाची केसाएवढी टोकं असतात, त्यातलं एक मोडायला आलं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून एका मेलेल्या एचएमटीचं चाक शोधलं, सगळं सोडवून धुतलं, आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. पैसे सांगितले ते ऐकून हिने पहिल्यांदा विलासरावांबद्दल थोडं वेगळं मत व्यक्त केलं.

घड्याळ आता दिवसाला अर्धं मिनिट इकडेतिकडे होतं. ते देताना काकांनी कागदाची एक पुडीही दिली. आत स्क्रू होता, वाकडा.

"हा बॅलन्सच्या पुलावर आडवा ठोकलेला होता," ते म्हणाले. "घड्याळातला नाही हा. चष्म्याच्या दांडीचा आहे."

गणपतीला विलासराव आले तेव्हा त्यांच्या चष्म्याची उजवी दांडी दोऱ्याने बांधलेली होती. मी पुडी खिशातून काढणार, तेवढ्यात ते सासूबाईंना सांगताना ऐकलं, "चष्मेवाल्याकडे नाही दिला मी. हल्ली कुणाला कामच येत नाही."