‘ही-मॅन आता कुणाचाच नाही’ म्हणे!

सीझन तोंडावर आला की हडफडे-हणजूणच्या बाजारात स्टॉल लावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो : ‘ही-मॅन चाळीस वर्षं जुना. कंपनी बंद, हक्क संपले. चित्रात वीस टक्के बदल करा, खाली क्रेडिट द्या आणि बिनधास्त टी-शर्ट छापा. गोव्यात तर कायदाही पोर्तुगीज काळाचा.’

कंपनी बंद पडली, एवढंच त्यात खरं. ही-मॅनची कार्टून मालिका बनवणारं अमेरिकेतलं फिल्मेशन १९८९ मध्ये गुंडाळलं गेलं. पण दुकानाला टाळं लागलं म्हणून आतला माल रस्त्यावरच्यांचा होत नाही. त्या मालिका फिरत फिरत क्लासिक मीडियाकडे गेल्या, २०१२ मध्ये क्लासिक मीडिया ड्रीमवर्क्स ॲनिमेशनने घेतलं आणि २०१६ मध्ये ड्रीमवर्क्सच एनबीसीयुनिव्हर्सलकडे गेलं. शिवाय ही-मॅन मुळात फिल्मेशनचा नव्हताच. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने १९८२ मध्ये त्याची खेळणी काढली आणि १९८३ ची मालिका ती खपावीत म्हणून आली. दूरदर्शनवर आपण डोळे फाडून पाहिली ती एक प्रकारे लांबलचक जाहिरातच! म्हणजे मालिकेचे भाग एकाकडे, पात्राचं नाव, रूप आणि खेळणी दुसऱ्याकडे. एखाद्या भागातलं दृश्य उचलून शर्टावर छापलं तर परवानगी कुणाकुणाची लागेल, ते पाहा.

‘चाळीस वर्षं’? आपल्या कायद्यात चित्रफितीचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो. १९८३ चे भाग २०४३ अखेरपर्यंत बांधलेले आहेत. ट्रेडमार्कला तर शेवटच नाही, दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं की झालं.

वीस टक्क्यांचा नियम कुणी काढला, देव जाणे. कायद्यात टक्केवारी नाही. आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली ती पाहणाऱ्याच्या नजरेची : दोन्ही पाहिल्यावर दुसरी गोष्ट पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं, तर ती नक्कल. ही-मॅनचे केस काळे केले तरी म्हापशातलं पोरही त्याला ओळखेल. उघड्या अंगाचा, तलवारवाला स्वतःचा वीर मात्र कुणीही काढावा, कल्पनेवर मालकी नसते. (ही-मॅनचा कवटीतोंड्या शत्रू स्केलेटर, त्याच्या तोंडाचा दिवाळीचा नरकासुर केला तर? तो पहाटे जाळायचा असतो, विकायचा नसतो. त्याच्यासाठी वकील धावत येईल असं मला वाटत नाही.)

क्रेडिटची ओळ तर उलट अंगाशी येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ‘जाणूनबुजून’ केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. ‘हक्क मूळ मालकाचे’ असं आपल्याच मालावर छापणाऱ्याने जाणूनबुजून केल्याचा पुरावा स्वतःच पुरवला.

पोर्तुगीज कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याकडे लग्न, वारसा असल्या बाबतींत चालतो. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा साऱ्या देशाचा आहे, पर्वरीच्या हायकोर्ट खंडपीठातही तोच.

माळ्यावर लिओ या आपल्याकडच्या खेळण्यांच्या कंपनीने मॅटेलच्या परवान्याने बनवलेला खरा जुना ही-मॅन सापडला, तर तो आहे तसा खुशाल विका. रीतसर बाजारात आलेली वस्तू पुढे विकायला ट्रेडमार्क कायदा आड येत नाही. पेटीने मागवलेल्या नव्या नकली बाहुल्यांचं तसं नाही. त्यांना वर आणखी आयएसआय मार्कही लागतो, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे.