बारावे वचन

घरच्या ग्रुपवर दर जानेवारीत जुंपते, ती मागींवरून, म्हणजे तारा बघून पूर्वेकडून बाळ येशूच्या भेटीला आलेल्या त्या ज्ञानी लोकांवरून. यंदा चुलतभावाने लिहिले, "मागी म्हणजे ज्योतिषीच. ताऱ्याचे एवढे कौतुक करायचे, तर पत्रिका बघणाऱ्यांना नावे का ठेवता? आणि ६ जानेवारीचा त्यांचा प्रकटीकरणाचा सण रविवारवर ढकलायचा, म्हणजे श्रद्धासुद्धा सुट्टी बघून!"

रविवारचे जाऊ द्या. आमच्या इथे जर्मनीत, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात ६ तारखेला सुट्टी असते, म्हणून मिस्सा त्याच दिवशी. चर्च निम्मे रिकामे होते, पण ते मी ग्रुपवर कशाला सांगू?

ज्योतिषाचे मात्र डोक्यात गेले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ना तीन हा आकडा आहे, ना राजे. भेटी तीन, म्हणून माणसे तीन धरली. मुकुट नंतर चढले. ११६४ मध्ये त्यांच्या म्हणून मिलानहून आणलेल्या अस्थींची सोनेरी पेटी कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये आहे. तिच्यापुढे मीही हात जोडलेत, पण भांडताना आधार वचनाचाच घ्यावा. तारा बघून हे लोक पोचले यरुशलेमात, तेही थेट हेरोद राजाच्या कानावर जाईल अशी विचारपूस करत. बेथलेहेमचे नाव निघाले ते मीखा संदेष्ट्याच्या लेखातून. आणि ते ज्यांना तोंडपाठ होते, ते यहुदी शास्त्री जागचे हलले नाहीत. जेमतेम नऊ किलोमीटर! निघाले ते परके, अर्धवट विद्येवर विसंबलेले. प्रकटीकरण झाले ते त्यांना. दादा, आपण या गोष्टीत कोण आहोत? मागी की शास्त्री?

एवढे सगळे ठणकावून लिहिले. बरे वाटले.

दादाचे उत्तर एका ओळीत आले, "बारावे वचन पण वाच."

बारावे वचन असे, की ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत गेले.

मला इथे १९ वर्षे झाली. इथे या सणाला पोरे तीन राजांच्या वेशात दारोदार फिरतात आणि चौकटीवर खडूने आशीर्वाद लिहितात. पहिल्या जानेवारीत दारात ही मुकुटवाली पोरे उभी राहिली, तेव्हा वर्गणीवाले समजून मी दिवा मालवून आत गप्प बसलो होतो. आता त्यांच्यासाठी सुटे पैसे काढून ठेवतो. यंदा आलेल्या मुलीचा हात चौकटीपर्यंत पोचेना. तिने खडू माझ्याच हातात दिला. गेल्या वर्षीची ओळ बाहीने पुसली आणि मी लिहिले: २०*सी+एम+बी+२६, म्हणजे सालाच्या मधोमध 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' याची लॅटिन आद्याक्षरे. 'बी' जरा वाकडा आला. "चालेल," ती म्हणाली आणि वरच्या मजल्यावर पळाली.

दादाला अजून उत्तर दिलेले नाही.